छप्पर ठोकायची गाणी

४ मार्च, रविवार

बारावं गाणं अखेर मिळालं! तीन रविवार पो-ला, आमच्या तिबेटी कॉलनीतले सगळ्यांचे आजोबा, त्याच्या दुसऱ्या ओळीवर अडून बसले होते. खुर्चीत बसवून समोर रेकॉर्डर ठेवला की त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. आज वैतागून उठले, कोपऱ्यातला झाडू उचलला, उलटा धरला आणि त्याचा दांडा फरशीवर आपटायला लागले. धप् धप्, पाऊल पुढे. धप् धप्, पाऊल मागे. चौथ्या ठोक्याला ओळ आली. मग थांबेचनात.

मी तरी किती मूर्ख — ही गाणी बसून म्हणायची नाहीतच! छपरावर माती पसरायची, दोन रांगांत समोरासमोर उभं राहायचं, लांब दांड्याच्या टोकाला बांधलेल्या चपट्या दगडानं ती ठोकायची आणि ठोकता ठोकता गायचं. एकेका छपराला आठ-आठ दिवस. तिबेटातून निघेपर्यंत पो-लांनी आपल्या आईबरोबर हेच काम केलं. गाणी त्यांच्या पायांत बसली आहेत, आणि मी त्यांना खुर्ची देत होते. पुढच्या रविवारी वर्गातल्या अकराही मुलांना घरून झाडू आणायला सांगितलंय. शाळेचा चौकीदार माझ्या नावानं बोटं मोडणार.

मुलं गेल्यावर पो-ला रेंगाळले. टोरांटोहून युडोनचा फोन होता. त्यांचा व्हिसा झाला. तिकीट एप्रिलचं काढू की ऑक्टोबरचं, असं विचारतेय. एकुलती एक मुलगी, नऊ वर्षं भेट नाही.

"तू वर मठात रिनपोछेंकडे जाऊन मो टाकून आण, फासे काय म्हणतात बघ," मला म्हणाले. "त्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. आणि तू मास्तरीण आहेस, कौल नीट ऐकून येशील. बाकीचे अर्धं ऐकतात आणि अर्धं घरून घालतात."

हो म्हटलं. एप्रिल म्हणजे जेमतेम पाच आठवडे.

६ मार्च, मंगळवार

त्यांना विचारून यादी केली. सत्तावीस गाणी. बारा झाली. एप्रिलपर्यंत ओढूनताणून सोळा होतील. बाकीची अकरा टोरांटोत कुठे ठोकणार? युडोन सातव्या मजल्यावर राहते. खालचे लोक दारात येतील.

आमच्या कॉलनीत ही गाणी जाणणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. पत्रं लिहून मैनपाटच्या वस्तीत विचारलं, दक्षिणेतल्या वस्त्यांत विचारलं. एक आजी होत्या, त्या मागच्या वर्षी गेल्या.

७ मार्च, बुधवार

शाळा सुटल्यावर वर गेले. रिनपोछेंच्या खोलीत कोणी नव्हतं, दाराशी त्यांचा सेवक भिक्षू तेवढा. पांढरा शेला पुढे केला, पो-लांचं नाव, वय, प्रश्न सांगितला. त्यांनी डोळे मिटले, फाशांवर फुंकर मारली, टाकले. पुन्हा टाकले.

"जाऊ दे त्यांना. एप्रिल. त्याआधी जमलं तर आणखी बरं. उशीर नको."

मी विचारलं — का विचारलं मी? — "ऑक्टोबर अगदीच वाईट आहे का?"

"ऑक्टोबर मी म्हटलेलं नाही," एवढंच म्हणाले.

खाली आले तर पो-ला उन्हात बसून वाटीत त्साम्पा मळत होते. "काय म्हणाले?"

"ऑक्टोबर."

ठरवून नव्हते गेले. पायऱ्या उतरताना एप्रिलच म्हणत होते मनात, शपथ. तोंड उघडलं आणि ऑक्टोबर बाहेर पडलं. मला वाटलं विचारतील, का म्हणाले, कसं म्हणाले, परत जा. नाही. पिठाचा गोळा तोंडात टाकला, चावून गिळला, म्हणाले, "मग ऑक्टोबर." माझ्यासमोरच युडोनला फोन लावून सांगितलंही.

रात्रीचं जेवण नेहमीसारखं गेलं. दोन वाट्या थुक्पा.

८ मार्च, गुरुवार

सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. एप्रिलात टोरांटोला बर्फच असतो, म्हातारं माणूस घरात कोंडून पडलं असतं. ऑक्टोबरात पानं तांबडी होतात म्हणतात. आणि ती अकरा गाणी माझी आहेत का? सगळ्यांची आहेत. उद्या ही मुलं मोठी होऊन आपल्या मास्तरणीला विचारतील, तेव्हा तुम्ही काय करत होता गेन-ला?

हे सगळं खरं आहे. तरी तेच तेच मनाला समजावतेय.

१० मार्च, शनिवार

तिबेटी उठावाच्या स्मृतिदिनाचा मोर्चा. पो-ला छुपा, आपला लांब झगा, घालून बस स्टँडपर्यंत चालत आले, तिथून मुलांनी त्यांना टेम्पोत चढवलं. घोषणांना सर्वांत मोठा आवाज त्यांचा.

घरी येऊन बघते तर आनेकेचं पत्र. दोन वर्षांपूर्वी हॉलंडहून येऊन मुलांशी इंग्रजी बोलत बसायची ती. रेकॉर्डर तिनंच दिलेला. त्यांच्या गावातली मंडळी एक पत्रक छापतायत — सामान्य माणसं तिबेटी लोकांसाठी आणि त्यांच्या संस्कृतीसाठी काय काय करू शकतात. दहा मुद्दे हवेत, आणि ते माझ्याकडून. "आमच्या डोक्यातलं नको," लिहिते, "तुमच्यातल्या कुणीतरी सांगितलेलं हवं."

माझ्याकडूनच का सुचलं तिला!

१८ मार्च, रविवार

चौदा झाली. अकरा झाडू एकदम आपटतात तेव्हा खिडक्यांच्या काचा वाजतात. पो-ला दोन रांगांमधून फिरत होते. "छप्पर ठोकताय की उंदीर मारताय?" एका मुलीला म्हणाले, "तुझ्या छपराखाली मी माझा याकही बांधणार नाही." ती म्हणाली, "तुमच्याकडे याक आहे कुठे, पो-ला?" हसता हसता खाली बसले.

इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता. म्हणजे मी बरोबरच केलं. असंच ना?

२८ मार्च, बुधवार

ल्हाकार. बुधवारी आमच्या घरात शुद्ध तिबेटीच बोलायचं, हिंदी-इंग्रजी शब्द चालणार नाही. माझा नवरा ग्युर्मे चार महिने नागपुरात स्वेटर विकून आलाय, त्याच्या तोंडात निम्मं हिंदीच. सकाळपासून हातवारे करून बोलत होता. चार्जर हवा होता तर म्हणाला, "फोनचं जेवण कुठे ठेवलंस, बाईसाहेब?"

मग चहा पिताना सहज म्हणाला, "मो खरंच ऑक्टोबरचा निघाला? युडोनला तर घाई होती."

"ऐकायला मी गेले होते की तू?"

"बरं बरं. विचारलं नुसतं."

शुद्ध तिबेटीत खोटं बोलले. एकही परका शब्द नाही त्यात.

८ एप्रिल, रविवार

सतरा.

त्या याकवालीनं आज विचारलं, "पो-ला, तुम्ही मुलीकडे जाणार होतात ना?"

"रिनपोछेंनी थांब म्हटलं. थांबलो."

"आणि तुम्हाला जावंसं वाटलं तरी?"

मग झाडू बाजूला ठेवून त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी मी आजवर कधी ऐकली नव्हती. त्यांच्या आईनं निघायच्या आधी गावच्या लामांकडे मो टाकला होता. आज निघ, असा कौल आला. छप्पर अर्धं ठोकून झालं होतं, दांडा तिथेच टाकून ती मुलाला घेऊन निघाली. मामा म्हणाला, दोन गाई व्यायच्या आहेत, आठ दिवसांनी येतो. मामाचं पुढे काय झालं ते कुणालाच कधी कळलं नाही.

"म्हणून," मुलांना म्हणाले, "मी कौलाला उलट प्रश्न विचारत नाही. मी जिवंत आहे तो त्याच्यामुळे."

रेकॉर्डर चालूच होता. हेही त्यात आलं असेल. ऐकायची हिंमत नाही.

२२ एप्रिल, रविवार

पो-लांना फोनवर चेहरा दिसणारा कॉल लावता येत नाही, म्हणून दर महिन्याला मीच जोडून देते. आज बोलणं झाल्यावर युडोन म्हणाली, "आचा-ला, ताई, जरा बाहेर या ना फोन घेऊन."

गॅलरीत गेले. "रिनपोछे नक्की ऑक्टोबरच म्हणाले? त्याआधी काहीच नाही?"

समोर दार उघडं होतं. इतकं उघडं दार पुन्हा मिळायचं नाही. आणि मी म्हटलं, "नक्की."

"मग त्यात काहीतरी चांगलंच असेल," म्हणाली. मग हसली. बारीक झालीय. घरातसुद्धा लोकरीची टोपी घातली होती. त्यांच्याकडे हीटर असतात ना? विचारायला हवं होतं. लवकर फोन ठेवायची घाई मलाच होती.

२४ एप्रिल, मंगळवार

आनेकेसाठी मुद्दे लिहायला बसले. कैदेतल्यांसाठी पत्रं लिहा. आमच्या माणसांनी विणलेलं, शिवलेलं विकत घ्या. आम्हाला फक्त संत समजू नका, आम्ही भांडतोही. आमच्या मुलांशी बोला, आणि त्यांना त्यांच्या भाषेत काय म्हणतात तेही विचारा. म्हाताऱ्यांजवळ बसा, त्यांची गाणी, त्यांच्या गोष्टी उतरवून घ्या.

त्याच्यापुढे लिहिलं — पण आधी त्यांना विचारा, त्यांना स्वतःला काय हवंय.

बघत बसले त्या ओळीकडे. मग खोडली. नऊच मुद्दे पाठवले.

२६ एप्रिल, गुरुवार

आनेके विचारतेय, दहावा राहिला का.

१३ मे, रविवार

आज सांगायचंच म्हणून गेले होते. वर्गाआधी अर्धा तास. वाक्यही पाठ केलं होतं — पो-ला, मी तुमच्याशी खोटं बोलले, रिनपोछे एप्रिल म्हणाले होते.

दारातच त्यांनी माझा हात धरला. एकविसावं गाणं सकाळी तोंड धुताना आठवलं होतं. छप्पर पूर्ण होतं त्या दिवशीचं, आई रांगेत पहिली असायची तेव्हाचं. स्वयंपाकघराच्या फरशीवर काठी आपटत मला अख्खं म्हणून दाखवलं. डोळे भरून आले त्यांचे. "साठ वर्षं ते कुठे होतं कुणास ठाऊक. तू नसतीस, पोरी, तर माझ्याबरोबरच गेलं असतं."

पाठ केलेलं वाक्य तसंच घेऊन घरी आले. भित्री आहे मी. मुलांना खरं बोला म्हणून दटावते आणि स्वतः ही अशी.

२९ मे, मंगळवार

सागा दावाची पौर्णिमा, आमची बुद्धपौर्णिमा. सगळी कॉलनी प्रदक्षिणेला. पो-लांनी महिनाभर मांस सोडलंय. माळ ओढता ओढता म्हणाले, "यंदाचं पुण्य युडोनच्या नावानं. मला नेण्यासाठी फार धडपडतेय बिचारी."

ठरलं. शाळेच्या परीक्षा संपल्या की आधी रिनपोछेंच्या पायावर डोकं ठेवायचं, मग पो-लांकडे. जुलैत तरी जातील. परीक्षा सात तारखेला संपतायत.

७ जून, गुरुवार

शेवटचा पेपर होता. वर जायला निघाले तेवढ्यात फोन. युडोनचा नवरा, जामफेल. पो-लांना नको म्हणून मला केलेला.

युडोनला पोटाचा कॅन्सर. जानेवारीतच कळलं होतं! व्हिसाची घाई त्याच्यासाठीच; ऑक्टोबर विचारला तो वडिलांना संशय येऊ नये म्हणून. वडिलांना सांगायचं नाही अशी तिनं शपथ घातलेली — कळलं तर काळजीनं तेच आधी जातील, इथे आले की समोर बसवून सांगेन. आता डॉक्टरांनी हात वर केलेत.

"मी तिला मार्चपासून सांगतोय, वडिलांना बोलावून घे," जामफेल म्हणाला. "ऐकेल तर ना. म्हणायची, रिनपोछे ऑक्टोबर म्हणालेत. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मी आहे."

फोन ठेवल्यावर शाळेच्या पायरीवर बसून राहिले. म्हणजे माझं ते एक वाक्य धरून ती जगत होती. वडिलांशिवाय.

८ जून, शुक्रवार

पो-लांना एवढंच सांगितलं की युडोन आजारी आहे, लगेच निघायचंय. नुसतं म्हणाले, "पण ऑक्टोबर म्हणाले होते ना?" मी म्हटलं, "आजारपणाला ते लागू नसतं." आणखी एक खोटं. आता मोजतही नाही.

आमच्याकडे पासपोर्ट नाही, निर्वासितांचं पिवळं पुस्तक. देश सोडायला वेगळी परवानगी लागते. ग्युर्मे अर्ज घेऊन धर्मशाळेच्या सरकारी कचेरीत गेला. दहा-बारा दिवस लागतील म्हणतात. एप्रिलसाठी मार्चमध्येच अर्ज केला असता तर हे सगळं आरामात झालं असतं.

१२ जून, मंगळवार

पो-लांनी पिशवी भरून ठेवलीय. त्साम्पा, वाळवलेलं छुर्पी चीज, युडोनच्या आईचं पोवळं. रोज सकाळी ग्युर्मेला विचारतात, "आला का कागद?"

रविवारी वर्ग घेतला नाही. मुलं झाडू घेऊन आली होती, परत पाठवली.

१८ जून, सोमवार

परवानगी आली. एकवीसचं तिकीट मिळालं. ग्युर्मेनं दिल्लीपर्यंत सोबत जायचं ठरवलंय. देवा, तीन दिवस. फक्त तीन दिवस धीर धर, युडोन.

१९ जून, मंगळवार

सकाळी सहाला जामफेलचा फोन. गेली.

२० जून, बुधवार

काल मीच सांगितलं त्यांना. दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. ते भरलेल्या पिशवीजवळ बसले होते. ऐकून घेतलं. माळ हातात घेतली. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नकोस. इथे रडलं की तिच्या वाटेवर पाऊस पडतो. तिला सुखानं जाऊ दे." आणि तिचं नाव आता कोणी हाक मारल्यासारखं घ्यायचं नाही, म्हणाले, नाहीतर ती वळून बघेल.

तिकीट रद्द केलं. अंत्यसंस्कार उद्याच आहेत, पोचले नसतेच. "आता कुणाकडे जाऊ?" म्हणाले.

आज संध्याकाळी त्यांनी पिशवीतला त्साम्पा परत डब्यात ओतला आणि मला म्हणाले, तिच्यासाठी कोणत्या पूजा करायच्या ते रिनपोछेंना विचारायला हवं. मी म्हटलं, जाऊन येते. तर म्हणाले, "नको. या वेळी मी स्वतः येतो. बापानंच विचारायला हवं ते. पायऱ्यांवर तू हात धर."

वर गेल्यावर सगळं कळणारच. त्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं. उद्या, पहिल्या पायरीच्या आधी. लिहून ठेवते म्हणजे पळता येणार नाही. पहिल्या पायरीच्या आधी.

२१ जून, गुरुवार

नाही सांगितलं. वीसेक वेळा थांबत थांबत वर पोचलो. रिनपोछेंनी त्यांना जवळ बसवलं, विचारलं, "एप्रिलात गेला होतात ना? भेट झाली ना मुलीची?"

पो-लांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग हात जोडून म्हणाले, "हिनं तुमचा निरोप दिला होता, रिनपोछे. मीच हट्टानं राहिलो."

सगळ्या पायऱ्या माझा हात धरून उतरले. खाली आल्यावर हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "सुतकाचे एकोणपन्नास दिवस झाले की मुलांना झाडू घेऊन पाठव. तू येऊ नकोस."